तिसऱ्या मालकाचं मत

अंग सीटच्या अगदी कडेला सरकवलं, तेव्हा कुठे तिच्या उजव्या पायाचा अंगठा ब्रेकला लागला. ब्रेक दाबल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नसे. सीट मुलाच्या मापाला लावलेली, आणि मुलगा तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच. बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की सीट आपसूक पुढे येते, हे गॅरेजवाल्याने तिला दोनदा दाखवलं होतं. दोन्ही वेळा तिने मान डोलावली होती आणि बटणाला बोट लावलं नव्हतं.

इंजिन घसा खाकरल्यासारखं करून सुरू झालं. समोरच्या पडद्यावर मुलाचं नाव उमटलं. त्याच्या फोनची ओळख पटल्याचा बारीक आवाज झाला. फोन तिच्या मांडीवर होता. आरसा त्याच्या डोळ्यांसाठी वळवलेला, त्यात तिला गाडीचं करडं छत तेवढं दिसायचं. रोज सकाळी साडेसात ते सात चाळीस, हा तिचा नेम होता. बॅटरी उतरू नये म्हणून, असं ती घरात म्हणे. घरात म्हणजे नवऱ्याला. दुसरं ऐकायला होतं कोण.

चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी ऑफिसचा जिना चढताना मुलगा पायरीवर बसला, तो उठलाच नाही. एकतिसावं लागलेलं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. गाडी त्याच्या एका सहकाऱ्याने आणून इमारतीखाली उभी केली. तोही तेवढाच उंच, त्यामुळे सीट हलवायची वेळ त्याच्यावर आली नाही. किल्ली तिच्या हातात देताना तो रडला होता, आणि तिनेच त्याला पाणी दिलं होतं.

फोनवर गाडीमालकांच्या मतांचं एक पान होतं. कोणती गाडी किती चालवली, काय आवडलं, काय भोवलं, हे लोक तिथे लिहीत, आणि जुनी गाडी घेऊ पाहणारे खाली प्रश्न विचारत. मुलाने दोन वर्षं गाडी चालवून तिथे लिहिलं होतं:

'वापरलेली जर्मन सेडान, वय वर्षं नऊ, मी तिसरा मालक. पहिल्याने हौसेने घेतली, दुसऱ्याने कंटाळून विकली, मी डोळे मिटून उचलली. वळणावर रस्त्याला चिकटून राहते. स्पोर्टचं बटण दाबलं की मागच्या जन्मीचं काहीतरी आठवल्यासारखी पळते. पेट्रोल किती पिते ते विचारू नका, घरात कळेल. गाडीबद्दल शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, वडील विचारत नाहीत.'

पाचपैकी साडेचार तारे.

तो गेल्यावर महिनाभराने फोन वाजला होता. कुणा अनोळखी माणसाने त्या मताखाली विचारलं होतं, दादा, मागच्या सीटला जागा कितपत आहे? ती दिवसभर त्या प्रश्नाकडे पाहत राहिली. दादा नाही, असं लिहायला बोट उठेना. आणि विचारणाऱ्याला तसंच दारात ताटकळत ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती शिवणाची टेप घेऊन खाली गेली. तिची चाळीस वर्षं लोकांची मापं घेण्यात गेली होती. मागे बसून तिने गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर मोजलं, आणि लिहिलं: 'गुडघ्यापुढे सहा इंच जागा राहते. बुटक्या माणसाला सात.'

खोटं बोलायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तो मोडू नये म्हणून तिने यातून एक वाट काढली. वाक्यात 'मी' येऊ द्यायचा नाही. गाडीचं माप गाडीचंच असतं, सांगणारं कुणी का असेना. जे स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही. आपल्याला कळलं नाही तर गॅरेजवाल्याला विचारायचं. तो आधी हसला, मग त्याला सवय झाली. काकू, आज काय प्रश्नपत्रिका, असं तो म्हणे.

पानावरची जुनी मंडळी मात्र चेष्टा करत. पूर्वी एकशे चाळीसच्या गप्पा मारणारा दादा आता टेप लावून बसतो, पावसात साठच्या पुढे जाऊ नका म्हणतो. वहिनी आल्या वाटतं घरात. ती ते वाचून गालात हसे. मग हसू तिथल्या तिथे विझे.

सगळ्यांत जास्त प्रश्न एकाचे असत. त्याला नाव नव्हतं, 'वाचक ४१७' एवढंच. सहा महिने तो आठवड्याला दोन तरी प्रश्न विचारत होता, आणि त्याचे प्रश्न इतरांसारखे नव्हते. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते का? वळताना डावीकडचा खांब माणसाला झाकतो का? ब्रेक लागल्यावर मागे बसलेलं माणूस पुढे फेकलं जातं का? या शेवटच्यासाठी तिने गॅरेजवाल्याला गाडी चालवायला लावली, स्वतः मागे बसली, आणि त्याला दोनदा करकचून ब्रेक मारायला सांगितला. त्याचं काम झाल्यावर सीट होती तिथे परत नेण्यासाठी जुनी जागा लक्षात ठेवणारं दुसरं बटण त्यालाच दाबावं लागलं. मग तिने लिहिलं: 'थोडं झुकतं. फेकलं जात नाही.'

माणूस सावध दिसतोय, दुसऱ्याच्या जिवाची काळजी करणारा आहे, असं तिला वाटलं होतं. त्याच्या प्रश्नाची ती वाटही पाहू लागली होती.

तो कोण हे तिला गेल्या बुधवारी कळलं. खाली रंगकाम चालू होतं, म्हणून त्या दिवशी तिने गाडीत न बसता स्वयंपाकघरातूनच त्याच्या प्रश्नाला उत्तर पाठवलं. पाठवलं आणि बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा फोन टुणकन वाजला. वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज आला. तिने थोडं थांबून त्याच उत्तराला आणखी एक ओळ जोडली. पुन्हा टुणकन. दारातून तिने पाहिलं. तो चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांशी नेऊन वाचत होता. ओठ हलत होते.

तिने गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिली.

नवऱ्याने एकतीस वर्षं शहराची बस चालवली होती. रस्त्यावर माणूस कसा आहे हे त्याच्या गाडीवरून ओळखावं, असं तो म्हणायचा. मुलाने ही गाडी आणली तेव्हा गॅलरीतून एकदा खाली पाहून त्याने मत दिलं होतं: दोघांनी खाऊन टाकलेलं ताट आहे, उष्टं. त्यानंतर दोन वर्षं मुलगा म्हणायचा, बाबा, एकदा बसा तर. आणि हा बसथांब्यावर जाऊन उभा राहायचा. बसमधले जुने सहकारी त्याला अजून पुढची जागा देत.

त्या शेवटच्या सकाळी त्याला डोळे तपासायला जायचं होतं. मुलाने किल्ली हातात खुळखुळवत म्हटलं, आज तरी बसा. हा चपला घालत होता. खाली वाकलेल्या अवस्थेत, वर न पाहता तो म्हणाला होता, तुझ्या त्या उष्ट्या गाडीत मेलो तरी बसणार नाही.

दोघे वेगवेगळे जिना उतरले. त्या दोघांचं बोलणं तिथेच संपलं.

तिने त्यासाठी नवऱ्याला कधी एक शब्द ऐकवला नाही. चौदा महिने त्याचा चहा वेळेवर, औषध वेळेवर, शर्टाला बटण जागच्या जागी. हळू बोलणाऱ्या माणसाचा रागही हळूच असतो. फक्त तो लांबतो.

आणि रविवारी वाचक ४१७चा प्रश्न आला. हा गाडीबद्दल नव्हता.

'शेवटच्या दिवशी घरून निघताना मालक वडिलांवर रागावलेला होता का?'

'मी' गाळून लिहिता येईल असं या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ती फोन पदराखाली धरून वर आली. सोमवारी तिने नेमाप्रमाणे इंजिन सुरू केलं आणि दहा मिनिटं काचेतून भिंतीकडे पाहत बसली. मंगळवारीही. नवरा जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवू लागला, अर्ध्या घासावर तो उलटा करून बघू लागला. मंगळवारी संध्याकाळी त्याने विचारलं, आज नेटवर्क गेलंय का गं. तिने नाही म्हटलं. तो बरं म्हणाला आणि उठून गॅलरीत गेला, तिथून खाली गाडीच्या टपाकडे पाहत राहिला. पाठमोरा तो एकदम लहान दिसला. खांदे शर्टात सैल. गेल्या वर्षी त्याच्याच मापाने तिने तो शर्ट शिवला होता.

उत्तर तिच्याजवळ होतं. त्या सकाळी नवरा बसथांब्याकडे गेल्यावर मुलगा विसरलेला चार्जर घ्यायला परत वर आला होता, आणि दारात उभा राहून तिला काहीतरी बोलून गेला होता. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, दहा दिवस जाऊ देत. मग वाटलं, याला कशाला सांगायचं. हा मेलो तरी म्हणाला होता ना, मग भोगू दे. असं शब्दांत ती कधीच म्हणाली नाही. पण प्रार्थनेला बसली की ते वाक्य तिच्या आधी येऊन बसायचं. खोटं न बोलण्याचा नेम तिने अगदी पाळला होता. गप्प राहणं नेमात धरलेलं नव्हतं.

आज बुधवार. इंजिन चालू होतं, पडद्यावर मुलाचं नाव होतं. सात चाळीस होऊन गेले तरी ती उतरली नाही. तिने फोन उचलला, चष्मा पुसला, आणि एकेक अक्षर बघत लिहिलं:

'तो रागावला नव्हता. मी रागावले होते.'

पाठवून तिने फोन शेजारच्या सीटवर ठेवला. हात मांडीखाली घेतले. बराच वेळ काही झालं नाही. मग फोन उजळला.

'तू लिहितेस हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टेप घेऊन खाली जाताना बघितलं होतं. हे माहीत नव्हतं.'

जिन्यावर चपलांचा आवाज आला. तो नेहमीसारखा कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होता. शर्टाची वरची दोन बटणं उघडीच. गाडीपाशी येऊन तो थांबला. तिने काच खाली केली. त्याने टपावर हात ठेवला, आणि गरम लागल्यासारखा उचलून पुन्हा ठेवला.

"काही म्हणाला होता का?" त्याने विचारलं.

"हो."

"कधी?"

"तुम्ही गेल्यावर. चार्जर विसरला होता."

समोरून दूधवाला सायकल ढकलत गेला, त्याला याने सवयीने हात केला. मग पुन्हा टपाकडे बघत म्हणाला, "जसं म्हणाला तसंच सांग. त्यात गोड काही मिसळू नकोस."

"माझं तसलं कधी पाहिलंय का?"

"नाही. म्हणून तर तुलाच विचारत होतो."

तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि मुलाच्या सुरात नव्हे, आपल्याच हळू आवाजात सांगितलं.

"हसत होता. म्हणाला, आई, चूक माझीच गं. दोन वर्षं मी बाबांना बसा बसा करतोय. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला कुणी बसा म्हणतं का? ते माझ्या शेजारी कशाला बसतील? उद्या काही बोलतच नाही, सरळ किल्ली देतो हातात. बघ कसे जातात."

नवरा ऐकत होता. ऐकून झाल्यावरही त्याचा चेहरा ऐकणाऱ्याचाच राहिला. एकदा त्याने मान हलवली, कुणीतरी रस्त्यात बरोबर बाजू दिल्यावर तो हलवायचा तशी. मग टपावरचा हात खाली येऊन दाराच्या कडेला घट्ट बसला.

"उद्या म्हणाला?"

"उद्या."

"पुन्हा एकदा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. या वेळी 'बघ कसे जातात'पाशी त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की दुसरा, हे तिने पाहिलं नाही. मान खाली घालून बसली. आपण चौदा महिने याला काय दिलं नाही, हे तिला त्या आवाजात पहिल्यांदा ऐकू आलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

बाहीने तोंड पुसून त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. प्रत्येक चाकाला पायाने दाबून पाहिलं, डेपोतून बस काढण्याआधी पाहत असे तसं. उजवीकडच्या मागच्या चाकापाशी जरा जास्त वेळ थांबला, वाकला, आणि हवा कमी आहे असं स्वतःशीच पुटपुटला. फिरून पुन्हा तिच्या दाराशी आला आणि उभा राहिला. आत पाहत नव्हता. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

तिने इंजिन बंद केलं. पडद्यावरचं नाव विझलं. ती बाहेर आली, दार सताड उघडं ठेवलं, आणि बाजूला सरून किल्ली त्याच्यापुढे धरली.

बसा, असं ती म्हणाली नाही.