पाच वर्षं बंद गाडी

धाकट्याने इंजिनच्या पुलीला पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. इंजिन तसूभरही हललं नाही. दुसऱ्यांदा तर तो पान्यावर जवळजवळ लोंबकळलाच, तरी ते ढिम्म.

जाम झालं तर. वडिलांची गाडी ती. पाच वर्षांपूर्वी घरच्या शिवणकामाच्या दुकानात बसायचं की गॅरेजात जायचं, यावरून त्याचं थोरल्या भावाशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो घर सोडून निघाला. जीव मात्र गाडीत अडकलेला. म्हणून रागारागातच सांगून गेला, की बंद इंजिन कोरडं ठेवू नकोस, प्लगच्या भोकांतून थोडं थोडं तेल घालत जा, नाहीतर आतून गंजेल. त्या भंगाराला मी हातसुद्धा लावणार नाही, असं थोरला म्हणाला होता. आणि थोरल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता गाडी न्यायची आणि या घराशी संबंध संपवायचा, एवढं ठरवून धाकटा आला होता. थोरला शेडच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. काय झालं, एवढं विचारायची तसदीही त्याने घेतली नव्हती.

किती गंजलंय ते तरी पाहावं म्हणून धाकट्याने प्लग काढायला घेतले. चारही प्लग नुसत्या बोटांनी सुटले. त्याला नवल वाटलं. त्याने पुन्हा पान्यावर जोर दिला, तशी भोकांतून तेलाची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर, आणि इंजिन अलगद फिरलं. गंज कसला? सिलिंडर तेलाने काठोकाठ भरले होते. पिस्टनला वर सरकायला जागाच उरली नव्हती.

त्याने गालावरचं तेल बोटांत चोळून पाहिलं. पातळ, पाण्यासारखं स्वच्छ. हे इंजिनचं तेल नव्हतं.

"शिलाई मशीनचं आहे," थोरला दारातूनच म्हणाला. "माझ्याकडे दुसरं कुठलं असणार?"

"एवढं?"

"दर रविवारी थोडंच घालायचो. आज तू येणार म्हणून जरा हात सैल सोडला."

धाकट्याने फडक्याने तोंड पुसलं, आणि तेल निघालं तरी पुसतच राहिला. सगळं उपसायचं, नवं तेल भरायचं, प्लग बसवायचे. फार तर दोन तासांचं काम.

"वेळ लागेल," तो म्हणाला. "दोन दिवस तरी."

"दोन कसे पुरतील?" थोरला बाह्या सारत आत आला. "पाच वर्षांचं तेल आहे ते."