येतो म्हणा

भागोजी हवालदार घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचा. बाजारात, दाढीला, काजूच्या बागेत, कुठंही निघाला तरी 'जातो'. बारा वर्षं त्याची बायको गोदा त्याच्यामागे अंगणापर्यंत धावत आली. "अवो, येतो म्हना! जातो काय? अभद्र मेलं!" तो चपला अडकवून चालू पडायचा. आफ्रिकेतून निळी टोपी घेऊन परतला तेव्हापासूनचं हे खूळ. कारण विचारायची कोणाची छाती नव्हती.

नात सानवी रत्नागिरीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. तिथं एका निवृत्त राजदूतांचं व्याख्यान ठरलं, विषय 'उगवत्या सत्ता आणि शांतिसेना'. शोभेला एक खराखुरा शांतिसैनिक हवाच होता. सानवीने आजोबांना टोपीसकट व्यासपीठावर बसवलं, गोदाला पहिल्या रांगेत. भागोजीने ठरवलं होतं, आज बोलायचं. गोदाला कळल्याशिवाय आपली सुटका नाही, आणि कळलं तर ती माफ करील, एवढीच त्याची आशा होती.

राजदूतसाहेब तासभर बोलले. श्रीमंत देश पैसे फेकतात, कोणी रस्ते बांधून देतं आणि खाणी पदरात पाडून घेतं. "आपण मात्र माणसं देतो! मग निर्णय होतात तिथं आपल्याला खुर्ची नको?" टाळ्या. "आणि या हवालदारांच्या तुकडीतला एकही जवान दगावला नाही!" पुन्हा टाळ्या.

भागोजी उठला. परेडचा आवाज, त्याला माईक कशाला लागतो?

"आमचा कोन दगावला नाय, कारन आमी निघालो. वरनं हुकूम आला, तळ उठवा. दिल्लीला शवपेट्या नको होत्या. सगळा गाव फाटकाशी जमला. एका म्हाताऱ्यानं इचारलं, तुमी चाललात? त्यांची भाषा मला चार वाक्यांपुरती यायची. तोंडातून आपलं घरचंच निघालं. त्यांच्या भाषेत म्हनलं, येतो."

भागोजीने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"रानात पळायला गाठोडी बांधली होती त्यांनी. ती सोडली. पोराबाळांना घेऊन आमची वाट बगत घरात बसली. दुसऱ्या दिवशी बंदूकवाले आले. ज्यांचा माझ्यावर इस्वास नव्हता, तेवढेच वाचले."

राजदूतांनी चटकन माईक ओढला. मुरलेला माणूस. "बघा! परक्या मुलखात आपल्या जवानाच्या एका शब्दावर लोक विसंबतात. हीच आपली ताकद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सानवीसुद्धा वाजवत होती. गोदाचे हात मांडीवरच राहिले.

घरी आल्यावर तिने त्याला जेवायला वाढलं. सकाळी भागोजी बाजाराला निघाला आणि उंबऱ्यात थांबला. मनातलं ओकून टाकल्यामुळे त्याला जरा हलकं वाटत होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा निघताना तो शब्द त्याच्या तोंडी आला.

"येतो गं."

गोदा भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"पोरं होती ना वो त्यात?"

"होती."

"मग जावा," ती म्हणाली.