लंकामावशींची आठ चित्रं

“सासू काढून टाका, मावशी. आठ चौकोनांत एवढी गर्दी नाही मावत.”

“आन सासू न्हाई म्हनल्याव घर कुनाचं वाटंल?” लंकामावशी ठसक्यात म्हणाल्या. “पोरीला पानी दिऊ नको म्हननारं कुनीतरी पायजेच की!”

झालं! सासू राहिली. मग मी डॉक्टरला हाकललं, एसटीला हाकललं, लिंबाच्या झाडावर बसवलेल्या पोपटालासुद्धा नारळ दिला. तेव्हा कुठं गोष्ट आठ चित्रांत बसली.

अठ्ठ्याण्णव साल असेल. शेवगावच्या स्टँडमागं माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. लग्नपत्रिका करून करून जीव विटला होता, पण फोटोशॉप येतं ही मिजास काही कमी नव्हती. ‘अमजदशेठ’ म्हटल्याशिवाय मी मान वळवत नसे. मावशी मात्र ‘आरं बाबा’ म्हणायच्या आणि मी मुकाट वळायचो.

त्या जवळच्याच गावात अंगणवाडी चालवायच्या. जुलाब लागलेल्या लेकराला साखर-मिठाचं पाणी पाजत राहा, असं घरोघर सांगत फिरायच्या. बाया समोर माना डोलवायच्या आणि घरात जाऊन लेकराचं पाणी तोडायच्या. वाचता न येणाऱ्यांना चित्रंच दाखवू, म्हणून मावशींनी पेन्सिलीनं ही गोष्ट काढली होती. रांगोळीचा हात तो, रेघ कशी खणखणीत! बाजारच्या दिवशी त्या यायच्या, मी चित्रं स्कॅन करायचो आणि आम्ही दोघं रंगवायला बसायचो. काय दिवस होते ते! रंग ओतला की कॉम्प्युटर विचारात पडायचा, तोवर आमचा चहा व्हायचा.

पहिल्याच चित्रात आईच्या तोंडाला मी तयार गुलाबी रंग दिला.

“आरं बाबा, ही काय मडम हाय व्हय? बाया म्हनतील, हे मोठ्या लोकांच्या पोरांचं औषध हाय, आपलं न्हाई.”

मग मी मावशींकडं बघत बघत सावळा रंग कालवला. त्यांना दाखवलं, की सावलीचा थर वेगळा ठेवायचा, म्हणजे सावली चुकली तरी खालचं तोंड शाबूत राहतं. त्यांना ते फार आवडलं. लगेच म्हणाल्या, “पर उजेड दारातनं येतोय ना? मंग सावली चुलीच्या अंगाला टाक की. दोनी गालांवर कशी पडंल?”

खरंच की! मी सावली पुसून पुन्हा घातली.

आजारी पोरीचं चित्र आलं, तेव्हा तर त्यांनी मला श्वास घेऊ दिला नाही. “डोळ्याच्या खोबनीत अजून काळं. न्हाई, येवढं न्हाई. व्हटाला जांभळट झाक दे. टाळूवर खळगा पडतो, तितं सावली घाल.” माऊस माझ्या हातात, पण रंगवत त्या होत्या. बघता बघता पोरगी इतकी मलूल दिसायला लागली, की मलाच बघवेना.

मग आला शेवटचा चौकोन. पोरगी बरी होऊन उठून बसलेली.

“हिला कसा रंग देऊ?”

मावशींनी पडद्याकडं बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं.

“बोला की! इतका वेळ तर मला बोटाला धरून चालवत होता.”

“मला ठावं न्हाई, बाबा.” त्या पडद्याकडं बघतच बोलत होत्या. “आमची छबू वर्साची हुती. सासूबाई म्हनल्या, पानी दिलं की जुलाब वाढत्यात. म्या न्हाई दिलं. आजारी कशी दिसत हुती, ते समदं डोळ्यापुढं हाय. उठून बसल्याव कशी दिसली असती, ते कुटं बगितलं म्या?”

कॉम्प्युटरमध्ये एक नळी असते, चित्रातला हवा तो रंग टिपून घेणारी. ती मी पहिल्या चित्रातल्या आईच्या गालावर टेकवली, रंग टिपला आणि पोरीच्या गालावर सोडला.

“तिच्या आईचाच रंग देऊ, मावशी.”

टाळूवरची सावली पुसली. दाराकडच्या गालाला उजेडाची कड दिली, ओठांना ओल दिली. पोरगी हसायला लागली.

मावशींनी पदर तोंडाशी धरला. “ब्येस,” एवढंच म्हणाल्या.

पोरीच्या शेजारी त्यांनी पाण्याची वाटी काढली होती. मी म्हटलं, “आता बरी झाली की ती. वाटी पुसून टाकतो, चित्र मोकळं दिसेल.”

मावशींनी माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे रं, बाबा. रातीला मागंल ती.”