बंद दाराआडचा मुका मृदंग

मी एक जुना मृदंग आहे. केदारखेड्याच्या देवळामागच्या भजनी खोलीत, कापडी गवसणी पांघरून माझा मुक्काम असतो. परतूरच्या एका कारागिराने मला खैराच्या खोडातून कोरलं, दोन्ही तोंडांवर कातडं ताणलं आणि उजव्या तोंडावर शाई घोटून बसवली. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी भिजवलेली कणीक लावावी लागते. ती नसली तर माझा आवाज भरत नाही.

मित्रांनो, माझं आयुष्य तसं भाग्याचं. कीर्तनात अभंगाचा चरण उचलला की मी गरजायचो, टाळकरी पावली धरायचे आणि म्हातारे कारभारी आजोबा डोलता डोलता शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडायचे. देवाच्या नामात वाजायला मिळावं, याहून काय हवं? पण हात ओळखण्यातच माझा जन्म गेला, आणि एका हाताचा मला संशय आला.

तो हात सर्जेराव बुवांचा. "बुवाच्या बोटात देव हाय," असं लोक म्हणायचे. गावची पोरं त्यांच्याकडे शिकायची. पाळीपाळीने एकेक पोर घरून कणकेची वाटी आणायचं. रामरावांची साधना तेव्हा चौथीत होती. तिची पाळी असली की बुवा म्हणायचे, "बाकीच्यांनी जा. साधना, तू थांब. कणीक लावायची हाय." मग ते दार लावून घ्यायचे.

आवाजाचा लोकांना त्रास नको, म्हणून दार लावतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. पण दार लागल्यावर मला कुणी हात लावतच नव्हतं! कणीक वाटीतच सुकायची. बुवांचे हात त्या लेकराच्या अंगावर नको तिथे फिरायचे. वर दटावणी, "बोललीस तर तुझ्या बापाला पाप लागंल." दोन तोंडं असून मी मुका होतो. कुणी वाजवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

कीर्तन संपलं की आमच्याकडे सगळे एकमेकांच्या पाया पडतात. त्यात लहानथोर पाहत नाहीत. साधना बुवांच्या पाया पडेना. रामरावांनी सगळ्यांदेखत तिची मान धरून वाकवली. "लई हट्टी पोर," लोक म्हणाले. ती का वाकत नाही, याचा संशय कुणालाच आला नाही.

वर्षं गेली. साधना नवीन जालन्यात बँकेत नोकरीला लागली. सप्ताहाला यायचं ती टाळायचीच. यंदा भाऊ सोमेश्वरने फारच धरून बसल्यावर काल्याच्या दिवशी सकाळी आली. भजनी खोलीवरून जाताना तिला आतून आवाज आला, "बाकीच्यांनी जा. ईश्वरी, तू थांब."

ईश्वरी म्हणजे सोमेश्वरची मुलगी. वाटी घेऊन उभी होती. साधनाने लागतं दार हाताने अडवलं.

"ईश्वरी, चल बाहेर."

"आत्या, कणीक लावायची राह्यली की."

"ती मी लावते."

बुवांसमोरच तिने कणीक लावली, आणि ती बरोबर बसली.

मंडपात कीर्तनकार नंदाताईंचं काल्याचं कीर्तन उभं राहिलं. मी बुवांच्या गळ्यात. तेवढ्यात साधना बायकांमधून उठली.

"ताई, मला बोलायचंय. मी चौथीत होते तव्हा ह्या माणसानं दार लावून माझ्या अंगाला नको तिथं हात लावला. लई वेळा. आज ईश्वरीला थांबवून घेत होता."

टाळ थांबले.

"साधना, खाली बस!" रामराव ओरडले. "लोक बघून राह्यले."

"बघू द्या, अण्णा. माझी मान वाकवली तव्हाबी बघतच होते."

बुवा हसले. "शहराचं वारं लागलंय पोरीला. मी मृदंग शिकवत होतो, सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"मंग मृदंग वाजत का न्हवता?"

हे साधनाची आई, पुष्पाबाई, बोलल्या. त्यांची चूल भजनी खोलीच्या भिंतीला लागून. "भाकरी थापताना रोज ऐकायची मी. हिची पाळी असली की दार लागायचं अन् मृदंग बिलकुल बंद. वाटायचं, बोल तोंडी घोकून घेत असतील." मग त्या लेकीकडे वळल्या. "साधे, मला इचारायचं सुचलंच न्हाई गं."

बुवांचा तळवा माझ्या कणकेवर होता. तो घामाने निथळत होता.

नंदाताईंनी हातातले टाळ खाली ठेवले. "सर्जेराव, मृदंग गळ्यातून उतरवा. काला मागून वाटू. आधी लेकीचं ऐकू."

सोमेश्वरने तिथूनच पोलिसांना फोन लावला. रामराव गर्दीतून वाट काढत आले आणि लेकीच्या पाया पडले.

आता खटला चालू आहे. "इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं?" असं म्हणणारे गावात अजून आहेत. माझी त्यांच्यावरही नजर आहे. सोमेश्वरने भजनी खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. ईश्वरी मला उघड्यावर वाजवते. शिकवायला नवा हात आला, की मी आधी तो नीट पारखतो.

मित्रांनो, माझी गवसणी फाटली तरी चालेल, शाई उडाली तरी चालेल. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या अंगाला कुणी नको तसा हात लावला, तर तो कितीही मोठा असो, सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. त्यात तुमचं पाप काहीच नाही. आणि मोठ्यांनो, भिंतीपलीकडचा मृदंग अचानक बंद झाला, तर हातातली भाकरी तव्यावर जळू द्या, पण उठून जा आणि दार उघडा.