तिखट नसलेली मिरी

शिंप्याचा हात असा सफाईदार, की उसवून पुन्हा शिवलेला कपडाही कुणाला ओळखू येऊ नये. पण त्या हातात कात्री नसली की सिगरेट असायची. दुकानाच्या वरच्या खोलीत त्याच्या धाकट्या मेहुणीने सुगंधी तेलांच्या उपचारांचं काम सुरू केलं, तेव्हा थट्टेला त्याला आयताच विषय मिळाला. "खाली कपडे शिवून मिळतील, वर वास विकत मिळेल," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

धाकटी जिन्यातून म्हणायची, "तुमचा वास तर फुकटच मिळतो, भाऊजी!"

एकदा एका गायिकेने कार्यक्रमासाठी शिवून घेतलेला सॅटिनचा झगा परत आणला. "शिवण काय सुरेख आहे हो," ती म्हणाली, "पण अंगात घातला की गाणं राहतं बाजूला, नुसता खोकला सुटतो." शिंप्याने झगा नाकाशी नेला. त्याला कसलाच वास येईना. झगा परत आला त्यापेक्षा त्याला याचीच लाज जास्त वाटली.

झगा वाफेवर धरून, वाऱ्यावर टांगून त्याने वेळ निभावून नेली आणि तोंड पाडून जिना चढला. आता ही उट्टं काढणार, असं धरूनच चालला होता. धाकटीने खालचं सगळं बोलणं वरून ऐकलं होतं. तिने कपाटातून एक काळपट बाटली काढली, कापसाच्या बोळ्यावर एक थेंब सोडला आणि त्याच्यापुढे धरला. "मिऱ्यांचं तेल आहे. तल्लफ आली की हे हुंगायचं."

शिंक येणार म्हणून शिंप्याने डोळे मिटले. शिंक आलीच नाही. "अगं, हे तिखट कसं नाही?"

"मिरी वाफेवर धरून तेल काढतात. तिखटपणा मागे मिऱ्यांतच राहतो, वाफेबरोबर येतो तो फक्त वास. तो घशाशी जरा जाणवतो, धुरासारखा. काही जणांची तल्लफ त्याने निवते, सगळ्यांची नाही. आणि सिगरेट तुम्हालाच सोडायची आहे, भाऊजी. तेल तुमच्या वतीने सोडणार नाही."

सुरुवातीचे दिवस घरादाराला नकोसे गेले. त्याने एका कोटाची बाही उलटी जोडली. बायको म्हणाली, "वर जाऊन हुंगून या, नाहीतर मीच बहिणीकडे राहायला जाते." एका दुपारी तो मागच्या दाराने जाऊन सिगरेट ओढूनही आला. धाकटीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं. मग आता पुढची टाळू या."

त्यातच आखडलेलं अंग या तेलाने मोकळं होतं हे कळल्यावर त्याने बाटली खाली नेऊन तेल तसंच खांद्याला चोळलं. खांदा लालेलाल! धावत वर आला तो सरळ पाण्याकडे.

"पाणी नको!" धाकटी ओरडली. साध्या खाद्यतेलाने तिने त्याचा खांदा हलक्या हाताने पुसून काढला. "नुसतं कधी लावायचं नाही. साध्या तेलात थेंबभर मिसळायचं, आधी हातावर लावून बघायचं. एवढं सोपं असतं तर मी शिकायला कशाला गेले असते?"

खांद्याची आग निवेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. तेवढ्यात गुडघे धरलेले एक काका आले. त्यांना डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या होत्या. धाकटीने साफ सांगितलं, "गोळ्या चालूच ठेवा, काका. मालिशने ऊब येईल, बरं वाटेल. त्यापुढचा शब्द मी देणार नाही." काका हिरमुसले, पण मालिश करून घेऊन गेले आणि पुढच्या वेळी काकूंनाही घेऊन आले. शिंपी मनात म्हणाला, आटणारं कापड मी कधी न आटणारं म्हणून विकलं नाही. ही पोरगी आपल्याच पठडीतली.

त्यानंतर खालच्या दुकानात थट्टा ऐकू आली नाही. कुणी जिन्याकडे बोट दाखवून विचारलं की शिंपी म्हणायचा, "बिनधास्त जा. पोरगी खोटं बोलायची नाही."

सिगरेट सुटली, पण हळूहळू, कुरकुरत. मग एका सकाळी लोकरीच्या कापडावर गरम इस्त्री ठेवली आणि तो थबकला. ओलसर लोकरीचा, मेंढीच्या अंगासारखा ऊबदार वास त्याच्या नाकात भरला होता. इस्त्री बाजूला ठेवून तो कापडासकट जिना चढला.

"धाकटे, हे बघ, याला वास आहे!"

धाकटीने कापड हुंगलं आणि मिऱ्यांची बाटली त्याच्यापुढे धरली. "आता यात काय काय येतंय, सांगा."

शिंप्याने बराच वेळ नाक लावलं. "लाकूड आहे... नुकतं कापलेलं. आणि मागे कुठेतरी लिंबाची साल."

"वा, भाऊजी!" ती म्हणाली आणि कपाटातून दुसरी बाटली काढायला वळली.