तिसरं पायडल

"काका, गाडीला पायडलं तीन आणि माणसाला पाय दोन. मग तिसरं पायडल कोणाच्या पायासाठी?"

एका दमात विचारून टकळीने मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे शाळेच्या फाटकाआड तिच्या दोघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना हा प्रश्न विचारून दाखवायचा, तोही न हसता. घरीदारी जिला टकळी म्हणत ती असली पैज थोडीच सोडणार! वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर आपण कोणालाही काहीही विचारू शकतो, अशी तिची खात्रीच पटली होती.

मास्तर उभ्या गाडीच्या काचा पुसत होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीचं दार उघडून दाखवलं.

"डावा पाय क्लचवर. उजव्याला दोन पायडलं, एक पळायचं, एक थांबायचं. दोन्ही एकाच पायाकडे दिलीत, म्हणजे माणूस दोन्ही एकदम करायला जात नाही."

टकळीला गंमत वाटली ती त्या शब्दाची. मास्तर चक्क 'पायडल' म्हणत होते. घरी आईने पायडल म्हटलं की बाबा हटकून टोकत, "पेडल म्हण, पेडल! शब्द धड येत नाही, गाडी काय येणार?" मग आई हसे आणि शिलाई मशीनचं पायडल जरा जोरात चालवी. टकळीच्या जन्माआधी आई गाडीच्या परीक्षेत नापास झाली होती. चुकीचं पायडल दाबून. हा विनोद घरात पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबरच मिळायचा. टकळीने तो वर्गातही रंगवून सांगितला होता. आजची पैज त्यातूनच निघाली होती. 'तुझ्या आईसाठी असेल तिसरं पायडल!'

"आणि ही दोन?" तिने शेजारच्या सीटच्या पायाशी बोट दाखवलं.

"ती माझी. शिकणारा चुकला की मी दाबतो. त्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली."

"म्हणजे फसवणूकच की!"

"चुकला तरच. एक बाई होत्या, त्यांच्या शेजारी मी महिनाभर नुसता बसून होतो. पायडलाला पाय म्हणून लावला नाही." मास्तरांनी ऑफिसातल्या खुर्चीकडे मान वळवली. "ती खोळ त्यांचीच. जुन्या गाडीच्या सीटला शिवून दिली होती. गाडी मोडीत गेली, खोळ नाही."

टकळी त्यांच्यामागून ऑफिसात शिरली आणि वाकून पाहू लागली. निळं कापड विटलं होतं, पण शिवण एका टाक्यानेही उसवली नव्हती. आणि शिवण संपते तिथे, कोपऱ्यात, एवढासा त्रिकोण. तसा त्रिकोण तिच्या दप्तरावर होता, घरातल्या उशांवर होता. तिने मान खाली घालून स्वतःच्या गणवेशाच्या खिशाकडे पाहिलं. तिथेही होता.

"ही माझी आई," ती म्हणाली. आवाज आपोआप खाली आला होता.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं! चालवते ना गाडी?"

"ती नापास झाली होती ना?"

मास्तर हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले.

"नापास? पहिल्या फटक्यात पास झाली ती."

त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली, धूळ झटकली, पानं उलटली. आईचं नाव. पुढे 'पास'. त्यापुढे 'लायसन्स मिळाले' आणि सही. सहीची शेपटी उलटी वळून पुन्हा पहिल्या अक्षराखाली आलेली. दर सहामाहीला प्रगतिपुस्तकावर येते ती.

"तुझे बाबाच घेऊन गेले. बायकोला चकित करायचंय म्हणाले."

फाटकाआडून मैत्रिणी ओरडल्या, "काय गं, काय म्हणाले?" टकळीने ऐकलंच नाही.

घरी गणवेशांचा गठ्ठा दुपारपासून दाराशी बांधून ठेवलेला होता. बाबा येतील, गाडी काढतील, मग तो दुकानात पोचेल. आई मशीनवर वाकली होती.

"आई, गाडीच्या परीक्षेत तुझं नक्की काय चुकलं होतं गं?"

"आता कशाला ते उकरून काढतेस? ब्रेकच्या जागी दुसरंच पायडल दाबलं म्हणे."

"म्हणे?"

"हो. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तसं तुझ्या बाबांना सांगितलं. मला तर सगळं नीट झालंसं वाटत होतं." आईने दोरा दातांनी तोडला. "ज्या बाईला स्वतःचेच पाय कळत नाहीत, तिने गाडीच्या वाटेला जाऊ नये."

स्वतःच्या पायांची चूक कोणी 'म्हणे' लावून सांगतं का? सतरा वर्षं तो शब्द या घरात फिरत होता आणि कोणाच्या कानाला खटकला नव्हता. टकळीच्याही नाही. तिने तर टाळ्या दिल्या होत्या.

ती आईच्या पायांकडे बघत राहिली. शिवण कोपऱ्याशी आली. टाच किंचित दबली. सुई त्रिकोणाच्या टोकावर थांबली, केसभरही पुढे नाही.

"बाईसाहेब, गाडी हजर आहे!" बाबा दारातूनच म्हणाले. गठ्ठा उचलून त्यांनी खांद्यावर घेतला. "फुकटचा ड्रायव्हर मिळालाय, नशीब समज. आणि टकळे, तुझी अठरा पूर्ण झाली की मी स्वतः शिकवणार तुला. आईवर जाऊ नकोस म्हणजे मिळवलं. पेडलं तीनच असतात!"

आई हसली. नेहमीसारखीच.

"मी तुमच्याकडे नाही शिकणार, बाबा," टकळी म्हणाली. "शाळेसमोरच्या मास्तरांकडे शिकणार."

"अरे वा! आमच्यात काय खोट आहे?"

"उद्या आईलाही घेऊन जाणार आहे तिथे. तिने शिवलेली खोळ अजून जशीच्या तशी आहे."

"खोळ?" आईने मान वर केली. "अजून?"

बाबांच्या खांद्यावरचा गठ्ठा हळूहळू खाली आला.

"आणि माझं लायसन्स आणायला माझी मी जाणार," टकळी म्हणाली. "तिथे वहीत सही करावी लागते, आणि जुन्या वह्या ते टाकत नाहीत."