डावा कौल

नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यात एखाद्या शेठला वायनरी बांधायची झाली की हल्ली योगिनीचं नाव आधी निघतं. पोरगी आर्किटेक्ट, मूळची कोकणातल्या नाटे गावची. बाप गुणाजी तांडेल या वयातही होडी घेऊन समुद्रावर जातो. तिनं त्या शेठलोकांना आमच्या जांभ्या चिऱ्याचं असं वेड लावलं, की वाइनच्या पिंपांभोवती कोकणच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पाहुणे त्यांना टेकून फोटो काढू लागले. जुन्या इमारती दुरुस्त करण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नाही. फक्त स्वतःच्या वाडीतलं देवीचं देऊळ तेवढं तिच्या हाती लागत नव्हतं.

देऊळ जांभ्याचं, आत फणसाच्या लाकडाचे खांब आणि खांबांवर कुणा जुन्या हातांनी कोरलेली शिडाची गलबतं. लहानपणी आरती चालू असताना योगिनी त्या गलबतांवरून बोट फिरवत बसायची. इमारतींचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते तिथंच. पण वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाला ते सगळं पाडून स्लॅबचं देऊळ हवं होतं, उंच शिखर आणि चकचकीत टाइल्सवालं. मंडळाचा पुढारी तिचाच चुलतभाऊ विनोद. तो फोनवर भांडायचा, ही भांडायची, आणि गुणाजी दोघांचं ऐकून तंबाखू मळायचा.

शेवटी प्रकरण कौलावर गेलं. आमच्याकडे असली भांडणं देवीच मिटवते. शिवा गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "आये, तुला जुन्याच घरात ऱ्हायाचंय काय?" उजवी पाकळी आधी पडली. उजवी म्हणजे होय. योगिनीला आनंद मावेना. तिनं तिथूनच विनोदला फोन लावला आणि ठणकावलं, "देवीनं सांगितलंय. आता तुझा-माझा प्रश्नच उरला नाही." असं म्हणताना आपण कशावर सही करतोय हे त्या शहाणीच्या ध्यानात आलं नाही.

काम सुरू झालं. चुना मळायची घाणी बसली, छपराची डावी बाजू उतरवली. तेवढ्यात नाशिकच्या वायनरीचं उद्घाटन आलं आणि योगिनीला जाणं भाग पडलं. ती तिकडे असताना विनोदच्या भावाची होडी खडकावर आदळून फुटली. माणसं वाचली, पण एकाचा पाय गेला. मग काय, वाडीला कारण शोधायला वेळ लागतो थोडाच? देवीचं डोकं उघडं टाकलं म्हणून हे झालं, असं घरोघर बोललं जाऊ लागलं. विनोद मुंबईहून धावत आला. पुन्हा कौल लागला, प्रश्न तोच. या वेळी डावी पाकळी पडली.

योगिनी धावतपळत परतली तेव्हा सगळी वाडी देवळात बसली होती. कोणी तिच्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली आणि जागच्या जागी थबकली. देवीचं तोंड समुद्राकडे, पश्चिमेला. डाव्या अंगाला दक्षिण. तिनंच उतरवलेल्या छपरातून माघातलं ऊन थेट देवीच्या डाव्या खांद्यावर पडलं होतं. उजवा खांदा सावलीत, दमट. पुढे होऊन डाव्या खांद्यावरचा दगड तिनं चाचपला, तो कोमट लागला. ओली पाकळी तिथं वाळणार आणि आधी पडणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पाकळी उन्हानं पडली. छप्पर या बाजूचं काढलंय ना, म्हणून."

गुणाजीनं ऊन पाहिलं, देवीकडे पाहिलं. म्हातारा समुद्रावरचा माणूस, ऊन-वारा त्याला शिकवावा लागत नाही. त्याला पटलं, हे तिला दिसलं. मग त्यानं विचारलं, "आणि पयली? ती उजवी पडली, ती कशान पडली गो बाय?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. होती ती भीती. याच देवीला विचारून त्यानं तिला शिकायला मुंबईला धाडलं होतं. तिची आई आजारात गेली तेव्हाही तो इथंच येऊन बसला होता, आणि देवीनं जे सांगितलं त्याच्या आधारावर पुन्हा उभा राहिला होता. आता पहिली वाऱ्यानं पडली म्हण, उन्हानं म्हण, काहीही म्हण, देऊळ कदाचित वाचेल. पण मग या म्हाताऱ्याकडे काय उरेल? मागे सगळी वाडी ऐकत होती.

"ती देवीनंच पाडली," ती म्हणाली.

"मग ही पन तिनंच," गुणाजी म्हणाला आणि मोकळा झाला. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. लोक उठले, देवीच्या नावानं ओरडले, आणि शिवा गुरव खांब उतरवायचा दिवस ठरवायला बसला.

खांब मी नेते, असं योगिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नेणार कुठं? तिच्या ओळखीतल्या सगळ्या मोठ्या दालनांत दारू ओततात. देवीच्या घरचं लाकूड समुद्रातच सोडायचं, हे ठरल्यासारखंच होतं.

विनोद जवळ आला. जिंकल्याचा तोरा नव्हता त्याच्या तोंडावर, उलट तो जरा ओशाळलाच होता. त्यानं हातातली पिशवी सावरली आणि म्हणाला, "मंडळाचं एकच म्हननं आहे. नवं बांधायचंच तर परक्या आर्किटेक्टाकडं कशाला जायचं? नकाशा तूच काढून दे."

गुणाजीचा चेहरा उजळला. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काडील की! माझी लेक काडील. आयेचं घर ती नाय बांदनार तर कोन बांदनार?"

सगळे तिच्याकडे बघत होते. गुणाजीच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं, इतका तो खूश होता.

"काढते बाबा," योगिनी म्हणाली, आणि शिखर किती उंच हवं ते तिनं विनोदला विचारलं.